कारणाचा रकाना

आम्ही दोघंही एएस आहोत. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. बाकीच्यांसाठी खुलासा करते. एएस म्हणजे सिकलसेलचा वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर मूल एसएस, म्हणजे खरोखर आजारी, असण्याची शक्यता चारात एक. आणि ही शक्यता दर गरोदरपणात नव्यानं चारात एक असते. पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. आमच्या नात्यातल्या अर्ध्याअधिक लोकांना हे मी पाटीवर लिहून समजावलं आहे, तरी सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

आमचा पहिला मुलगा एसएस आहे. घरात त्याला सोनू म्हणतो. आठ महिन्यांचा होता तेव्हा हातापायाचे पंजे सुजले आणि तो हात लावू देईना. गावात कुणी मुरगळलं म्हणालं, कुणी नजर म्हणालं. चंद्रपूरला नेल्यावर एचपीएलसी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कोणतं ते पाहायची तपासणी, झाली आणि दोन अक्षरांत आमच्या घराचं पुढचं सगळं ठरलं. आता तो तिसरीत आहे. रोज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि फॉलिक ॲसिडची गोळी. थंडी पडली की गुडघे धरून बसतो. दुखणं उठलं की रडत नाही, नुसता दात खातो. लहानपणी रडायचा, ते बरं होतं. हिमोग्लोबिन पाचावर आलं की रक्त चढवायला न्यायचं, आणि रक्त कुठं मिळेल ते त्या दिवसावर.

माझं नागभीड तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं यंत्र आणि बाहेर बाकडं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, पॅनकार्ड. लोकांचे फॉर्म भरणं हाच माझा धंदा, त्यामुळे कुठल्या रकान्यात काय लिहिलं की अर्ज पुढं सरकतो आणि काय लिहिलं की परत येतो, याचं नाक मला आहे. पुढचं सगळं सांगताना ते उपयोगी पडेल.

दुसरं मूल आम्हाला हवं होतं. विचार करून ठरवलं होतं. गर्भातच सिकलसेलची तपासणी होते हे सोनूच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली ज्या कारणांसाठी अशी तपासणी करता येते, त्यांत हिमोग्लोबिनचे आजार आहेत, त्यामुळे तीत बेकायदा काही नाही. अकरा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीकसा तुकडा काढून पाहतात. ते हुकलं तर सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढतात. पहिली तपासणी केली तर उत्तर तिसऱ्या महिन्यात हातात येतं, पोट दिसायच्या आत. आम्हाला तीच करायची होती.

साल 2024. पाळी चुकली ती जूनच्या शेवटी, आणि जुलै उजाडला तो मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण घेऊन. ज्यांनी तो जुलै सेवा केंद्रात काढला नाही त्यांना सांगून कळणार नाही. बाकड्यावर बाया, पायरीवर बाया, रस्त्यापलीकडे वडाखाली बाया. त्यातच पीकविमा, त्यातच रोवणी. आमच्याकडे धानाची रोवणी चालू असली की बाई रुग्णालयात जात नाही, मरायलाही सवड नसते म्हणतात ते खोटं नाही. मी तशातही आशाताईकडे वेळेत नोंद केली, कार्ड घेतलं, नागपूरची चिठ्ठी घेतली. नागपूरच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयानं ऑगस्टच्या मध्यावरची तारीख दिली.

त्याच आठवड्यात कोलकात्याच्या डॉक्टर मुलीच्या प्रकरणावरून राज्यभर निवासी डॉक्टरांचा संप लागला. आम्ही पहाटेच्या एसटीनं भिवापूर, उमरेड करत पोचलो तर बाह्यरुग्ण विभागात शुकशुकाट. नागभीडहून नागपूरला पूर्वी छोटी रेल्वे होती. 2019 मध्ये रूळ मोठे करायचे म्हणून बंद केली, तेव्हापासून एसटी नाहीतर काळीपिवळी. संपाला माझा विरोध नव्हता, आजही नाही. त्या मुलीचं जे झालं त्यावर डॉक्टरांनी गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. पण संप मिटून, तुंबलेली गर्दी ओसरून माझा नंबर लागेपर्यंत वारेच्या तपासणीची वेळ निघून गेली होती. आता गर्भजल, म्हणजे गणपतीनंतर.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगतेय. टीव्हीवर गर्भपाताच्या कायद्यावर चर्चा होते तेव्हा सगळे आठवड्यांवर बोलतात. 20 असावे, 24 असावे, त्यापुढं परवानगी द्यावी की न द्यावी. बाई चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत करते काय, इतका वेळ झोपली होती का, असं एक वाक्य हमखास येतं. करते काय ते वर सांगितलं.

गर्भजलाच्या दिवशी आधी कागद. मी, नवरा आणि सोनू, तिघांच्या रक्ताचे नमुने. मग मराठीत छापलेला संमतीचा फॉर्म, त्याची एक प्रत मला, आणि गर्भाचं लिंग विचारणार नाही असं लिहून दिलेलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत पोटातून लांब सुई घालतात. फार दुखत नाही, पण हलायचं नाही हेच जड जातं. सिरिंजमध्ये फिकट पिवळं पाणी आलं, त्यावर माझं नाव आणि तारीख चिकटवली आणि नमुना मुंबईला जाणार असं सांगितलं. पडद्यावर बाळ हात हलवत होतं. डॉक्टर म्हणाल्या, "सोनोग्राफी नॉर्मल आहे." सिकलसेलमध्ये ती नॉर्मलच असते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. त्या काळात मी कायदा वाचला. दुकानात रात्री शटर अर्धं ओढून, राजपत्र डाउनलोड करून, छापून. मूळ कायदा 1971 चा. त्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली, ती 24 सप्टेंबर 2021 पासून लागू झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि तेही सगळ्यांसाठी नाही, एक यादी आहे तिच्यात बसणाऱ्यांसाठीच: बलात्कार झालेली, अठरा वर्षांखालची, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, मोठं अपंगत्व असलेली, मनोरुग्ण, गर्भात गंभीर दोष असलेली, आपत्तीत सापडलेली. चोवीसच्या पुढं फक्त गर्भात मोठं व्यंग असेल तर, आणि ते मेडिकल बोर्डानं ठरवायचं. बोर्डात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट. बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवड्यांची अट नाही.

हे वाचून माझ्या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट लगेच कळते. हा हक्क नाही, हा दाखला आहे. मतदानाला मी कारण सांगत नाही, जाते आणि बटण दाबते. उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र अर्ज, पुरावा, कारण आणि वर कुणाची तरी सही लागते. साहेबाला पटलं तर मिळतो. गर्भपात मुळात गुन्हाच धरलेला आहे. इंग्रजांच्या दंडसंहितेत 312 कलम होतं, 1 जुलै 2024 पासून न्यायसंहितेत तेच 88 नंबरवर आलं. गर्भपाताचा कायदा त्या गुन्ह्यातून डॉक्टरला वाचवतो, अमुक अटी पाळल्या असतील तर. म्हणून सगळा कायदा 'डॉक्टरचं मत' या शब्दांभोवती लिहिला आहे. बाईनं मागितलं म्हणून, एवढं कारण त्यात कुठंच नाही.

दसऱ्याच्या तोंडावर फोन आला. एसएस.

नवरा धानाच्या बांधीत होता, मी दुकानातून उठून गेले आणि बांधावर उभं राहून सांगितलं. तो विळा पुसत राहिला. म्हणाला, "तू सांगशील तसं." हे त्यानं चांगल्या मनानं म्हटलं हे मला माहीत आहे. तरी त्या वेळी मला रागच आला. सगळं ओझं एका वाक्यात माझ्याकडे सरकवलं होतं. सासूबाईंनी मात्र थेट विचारलं, "सोनूले पाहून करून राहिली काय हे? एक सांभाळलं, दुसरं नाही होणार सांभाळणं?" सोनूला रात्री मांडीवर घेऊन पाय चेपत बसणारी तीच बाई आहे. तिला असा प्रश्न विचारायचा अधिकार होता, म्हणून मी उलट बोलले नाही.

तालुक्याच्या ठिकाणी एक खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, आधी त्यांना विचारून पाहिलं. नागपूरचा फेरा वाचला तर बरं म्हणून. रिपोर्ट न उघडताच ते म्हणाले, "पाचव्या महिन्यातल्या केसला मी हात लावत नाही." त्यांचं भय मला समजतं. 2022 च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत एका खासगी दवाखान्याच्या आवारातल्या गोबरगॅसच्या टाक्यात अर्भकांच्या कवट्या आणि हाडं सापडली होती. त्याआधी बेकायदा गर्भपातांसाठी गाजलेलं बीडचं परळी, सांगलीचं म्हैसाळ. पाचव्या महिन्यातला गर्भपात म्हटलं की महाराष्ट्रात पहिला संशय पोरगी होती म्हणून पाडली हाच येतो, आणि तो उगाच आलेला नाही; 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे राज्यात 894 मुली होत्या. पण एका कायद्याच्या धाकानं दुसरा कायदा बंद पडतो, आणि तोही पहिल्यांदा तालुक्यातच. मुंबई-पुण्याचा डॉक्टर वकिलाला फोन करतो. आमचा डॉक्टर "नागपूरले जा" म्हणतो.

नागपूरला जायचं तर दीक्षाभूमीची गर्दी. एरवी धम्मचक्र प्रवर्तनदिनाला आम्हीही त्या गर्दीत असतो. त्या वर्षी गर्दी ओसरायची वाट पाहिली. रविवार धरून सगळं उघडेपर्यंत वीस आठवडे उलटले होते. एका डॉक्टरचं काम दोघांवर गेलं आणि मी यादीत गेले.

तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. हे लिहायला हवं, कारण पुढं थोडी तक्रार आहे. त्यांनी नवऱ्याला आणि सोबत आलेल्या माझ्या भावाला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुला काय हवंय?" या सगळ्यात हा प्रश्न मला तेवढ्याच एका माणसानं विचारला.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मॅडम, सोनू मला जड नाही. पण त्याला रक्त लागतं त्या दिवशी मी दुकान बंद करते, हे मजुरी सोडतात, आई रात्रभर जागते. असे दोघं झाले तर एकाला घेऊन मी चंद्रपूरला असताना दुसऱ्याचं दुखणं उठलं, तर त्याच्याजवळ कोण? मला दुसरं मूल आजारी आहे म्हणून नको असं नाही. माझ्याच्यानं होणार नाही म्हणून नको.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वीसच्या आत असतीस तर तुझी परिस्थिती, तुझ्या मनावरचा ताण, हे धरून मला एकटीला लिहिता आलं असतं. आता यादीत बसवावं लागतं. यादीत गर्भातला दोष बसतो. मला लिहावं लागेल की हे मूल जन्मलं तर गंभीर अपंगत्व येईल."

मी वाचलेलं सगळं बाहेर काढलं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या अविवाहित मुलीच्या प्रकरणात सांगितलं आहे की ही यादी संकुचित वाचू नका, लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करू नका, बाईची परिस्थिती बदलली तर तीही धरा. नवऱ्यानं केलेली जबरदस्तीसुद्धा या कायद्यापुरती बलात्कारात धरावी, असंही त्यात आहे. मॅडम हसल्या. "मी वाचलाय तो निकाल. पण उद्या चौकशी लागली तर मला फॉर्म दाखवावा लागतो, निकाल नाही."

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दुसरंही एक त्यांनी स्पष्ट सांगितलं: उशीर करू नकोस, चोवीस उलटले की बोर्ड. बोर्डानं अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यावं आणि पाच दिवसांत काम व्हावं असा नियम आहे; पण सिकलसेल हे 'मोठं व्यंग' धरायचं का यावर तिथं दोन मतं पडू शकतात. हा आजार घेऊन माणसं शिकतात, नोकरी करतात, म्हातारी होतात. कुणी नाही म्हणालं तर मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, वकील, तारीख.

आणि मग पुरावा. आईबापांचे एएस रिपोर्ट होते, गर्भाचा रिपोर्ट होता. मॅडम म्हणाल्या, पहिल्या मुलाचे कागदही जोड, केस भक्कम होते. माझ्याजवळ सोनूची फाइल असतेच, घराबाहेर पडताना सोबत ठेवायची सवय आहे. रुग्णालयासमोरच्या टपरीवर मी झेरॉक्स काढल्या. त्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, जे मिळवायला मी स्वतः खेटे घातले होते. 2016 च्या कायद्यात सिकलसेल अपंगत्वात धरलं म्हणून ते मिळालं. त्याची डिस्चार्ज कार्डं. एकावर लिहिलं होतं, छातीत संसर्ग, ऑक्सिजनवर ठेवले. दुसऱ्यावर, तीव्र वेदना, दोन बाटल्या रक्त. टपरीवरच्या पोरानं सवयीनं विचारलं, "ताई, दोन्हीकडून काढू?" मी हो म्हटलं.

हे मला आजही खुपतं, गर्भपातापेक्षा जास्त खुपतं. जे कारण माझं होतं त्याला फॉर्ममध्ये जागा नव्हती. जागा होती ती एका मुलाविरुद्ध दुसऱ्याची कागदपत्रं लावायला. सासूबाईंचा प्रश्न, सोनूले पाहून करून राहिली काय, त्याचं उत्तर मी घरात नाही असं दिलं होतं. सरकारी कागदावर ते हो असं गेलं.

सहीचा प्रकार त्यानंतरचा. संमतीच्या फॉर्मवर मी सही केली. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "मिस्टरांची?" मी पिशवीतून राजपत्राचा कागद काढला. अठरा वर्षांवरच्या, मन ठिकाणावर असलेल्या बाईच्या बाबतीत तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या संमतीची गरज नाही. 1971 पासून तेच आहे. सिस्टरांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"कायदा कायद्याच्या जागी, बाई. उद्या तुमच्या घरचे येऊन आमच्या अंगावर धावतील, तवा हा कागद येणार हाय का आडवा?"

नवरा शेजारीच उभा होता. तो "आणा जी, करतो" म्हणाला आणि सही करून मोकळा झाला. माझं डोकं फिरलं होतं, पण भांडायला अंगात जोर नव्हता. ज्या बाईचा नवरा शेजारी उभा नसेल, सुरतेला कामाला गेला असेल, किंवा त्याच्यापासूनच लपवायचं असेल, ती त्या टेबलावरून परत जाते. तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

बाकी उपचाराचं थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी एक गोळी, मग मधे थांबून भरती, मग ठरावीक तासांनी गोळ्या. कळा बाळंतपणाच्याच असतात, कमी नसतात. भिंतीपलीकडे प्रसूतिकक्ष होता, त्यामुळे इकडे काय आणि तिकडे काय हे रात्रभर ऐकू येत होतं. झाल्यावर मी पाहिलं नाही. नवऱ्यानं पाहिलं. काय ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कायद्यात गोपनीयतेची मोठी काळजी घेतली आहे. संमतीचा फॉर्म आणि डॉक्टरांचं मत लिफाफ्यात घालून सीलबंद करायचं, वर नावाऐवजी अनुक्रमांक आणि 'गोपनीय' असं लिहायचं, रजिस्टर कुणाला दाखवायचं नाही. तो लिफाफा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, व्यवस्थित सील केलेला. आणि त्याच वॉर्डात जेवणाची गाडी ढकलणाऱ्या मावशी दारातून ओरडल्या, "पाच महिन्यांची एमटीपी कोणती? तिले चहा नाही द्यायचा अजून." एमटीपी म्हणजे गर्भपात. अठरा खाटांनी माना वळवल्या. मला खरं सांगायचं तर हसू आलं. घरी जाताना दुसऱ्या सिस्टरांनी "आता ऑपरेशन करूनच टाका ना" असा आग्रह धरला, त्यांना मी नंतर ठरवीन म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. हे कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या महिन्यातही येतं. ब्लाउज भिजला तेव्हा मी दुकानात एका आजोबांचा हयातीचा दाखला काढत होते, त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. पदर ओढून काम पुरं केलं आणि मग आशाताईला फोन केला. तिनं घट्ट बांधून ठेवायला सांगितलं, संध्याकाळी नागपूरला फोन करून गोळीचं नाव विचारून घेतलं. नोकरीतल्या बायांना गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, कायद्यानं. मी मालकीण, मला कोण रजा देणार?

गावात कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. फक्त विचारलं. पाण्याच्या टाकीजवळ, किराण्यात, धान कापणीला आलेल्या बायांनी, सगळ्यांनी एकच: "पोरगी होती काय वं?" सिकलसेल म्हटलं तर मान हलवायच्या, आणि पुन्हा, "हो, पण होती काय?" एकीनं तर मला कानात तिच्या सुनेसाठी पत्ता विचारला. तिला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

2023 च्या ऑक्टोबरात एका बाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजलं होतं, ते या दिवसांत मला परत परत आठवायचं. दोन लेकरांची आई, दुसऱ्या बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर गोळ्या चालू, सव्वीसावा आठवडा. दोन न्यायाधीशांसमोर गेलं, दोघीही बायकाच. न्यायमूर्ती हिमा कोहली म्हणाल्या परवानगी देता येत नाही, न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या तिचा निर्णय मानला पाहिजे. मग तिघांच्या पीठानं 16 ऑक्टोबरला नाही म्हटलं: गर्भात व्यंग नाही, बाईच्या जिवाला तात्काळ धोका नाही, चोवीस उलटलेले. त्या वेळी मला वाटलं होतं, सव्वीसावा आठवडा म्हणजे उशीरच झाला की. आता दिसतं की त्या बाईनं खरं कारण सांगितलं होतं, माझ्याच्यानं होणार नाही, आणि ते रकान्यात बसलं नाही. माझ्याजवळ बसणारं दुसरं कारण होतं म्हणून माझं काम झालं. त्या बाईत आणि माझ्यात फरक इतकाच.

गर्भाच्या बाजूनं बोलणारे लोक आहेत, त्यांचं मी ऐकते. पडद्यावर हात हलवणारं मी पाहिलंय, मला ते फोटो दाखवायची गरज नाही. मला उत्तर देता येत नाही ते वेगळ्याच माणसाला. आमच्या शेजारच्या गावची एक मुलगी आहे, पंचविशीतली, स्वतः एसएस. बीए झाली, पोस्टात कंत्राटी कामाला जाते. ओळखपत्राच्या नूतनीकरणाला दुकानात आली होती. तिला माझं कळलं होतं, सगळ्यांनाच कळलं होतं. फॉर्म भरता भरता म्हणाली, "ताई, माझ्या आईच्या वेळेस हे टेस्टिंग नव्हतं म्हणून मी आहे."

मी म्हटलं, "मग? नसायला पाहिजे होतं का?"

"तसं नाही. थंडीत दुखते तवा मीच म्हणतो, काहून जन्माले घातलं. उन्हाळ्यात नाही म्हणत." मग म्हणाली, "तुमी केलं ते तुमचं. पण त्या कागदावर काय लिहिलं असन ते मले समजते. गंभीर, अपंग. तसं लिहू नये ना त्यांनी. तुमाले नाही जमत, असं लिहावं."

फोटो अपलोड होत नव्हता, पन्नास केबीच्या आत बसवावा लागतो. बसवला, पावती दिली. पैसे घेतले, तिला फुकट काही नको असतं.

गेल्या वर्षी उपकेंद्राच्या सिस्टर सिकलसेल तपासणीच्या याद्या छापायला दुकानात आल्या. 2023 मध्ये केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, 2047 पर्यंत आजार संपवायचं म्हणतात, त्यामुळे आता शाळेत, अंगणवाडीत बोटातून रक्त घेणं चालू असतं. सोबत एक पत्रक होतं. दोन वाहकांनी लग्न टाळावं, असं ठळक अक्षरात. लग्न झालेल्या, दोघंही एएस असलेल्यांनी काय करायचं ते त्यात नव्हतं.

मग मीच एक पान टाईप केलं. पाळी चुकली की लगेच आशाताईकडे नोंद. अकरा-बारा आठवड्यांत वारेची तपासणी, ती कुठं होते, आठवड्यातल्या कोणत्या दिवशी होते, आदल्या दिवशी फोन करून खात्री करणं. दोघांचे एचपीएलसी रिपोर्ट, पहिल्या मुलाची फाइल, आधार, रेशनकार्ड. वीस आठवड्यांच्या आत एक डॉक्टर, पुढं दोन, चोवीसच्या पुढं बोर्ड. गर्भपाताला सही फक्त बाईची. याच्याखाली रेघ मारली आणि राजपत्राचं ते पान मागे जोडलं. रोवणीची वाट पाहू नका, असं शेवटी लिहिलं. दोघंही एएस निघालेली जोडपी दुकानात आली की देते. वीस-पंचवीस प्रती तरी गेल्या असतील.

उपकेंद्राच्या भिंतीवर लावायलाही एक दिला होता. सिस्टरांनी वाचला, चांगला आहे म्हणाल्या, आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला. भिंतीवर लावायचं तर वरून पत्र यावं लागतं. पत्रासाठीचा अर्ज मी करून दिला आहे.